यंत्रस्वीकाराचे शास्त्र आणि लासलगावचा काटा

माणूस आपल्या कामाच्या जागी आलेले नवे यंत्र का पत्करतो आणि का नाकारतो, या प्रश्नाचे गेल्या साठ-सत्तर वर्षांत एक स्वतंत्र शास्त्रच होऊन बसले आहे. आमच्या विद्यापीठांच्या वाणिज्य व व्यवस्थापन या शाखांत तर त्याची चलती एवढी आहे, की परीक्षणासाठी हाती येणाऱ्या प्रबंधांच्या गठ्ठ्यात या शास्त्राचा एखादा अवतार नाही असे सहसा होत नाही. प्रबंधाचा साचा ठरलेला असतो. एखादी पेढी, बाजार वा कचेरी निवडावयाची. तेथील माणसांस वीस-पंचवीस विधानांची प्रश्नावली वाटावयाची. ‘पूर्णपणे सहमत’ येथपासून ‘पूर्णपणे असहमत’ येथपर्यंतच्या पाच घरांत त्यांच्याकडून खुणा करवून घ्यावयाच्या. खुणांची बेरीज-वजाबाकी संगणकाने करावयाची. आणि शेवटी निष्कर्ष लिहावयाचा तो हा, की लोकांत जागृतीचा अभाव आहे, सबब प्रशिक्षण-शिबिरे भरवावीत. यंत्र चांगलेच आहे, हे पहिले पान लिहिण्यापूर्वीच ठरलेले असते. तपासावयाचा असतो तो फक्त माणूस. या पद्धतीस आमचा विरोध आहे. आणि तो का आहे, हे नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातल्या लासलगावच्या उदाहरणावरून वाचकांपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे नीट समजून घेऊ. या शास्त्राचा उगम शेतातला आहे. अमेरिकेतील आयोवा प्रांतात ब्राइस रायन व नील ग्रॉस या दोघा समाजशास्त्रज्ञांनी मक्याचे संकरित बियाणे दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांनी केव्हा व कोणाच्या सांगण्यावरून पत्करले, याचा शोध करून १९४३ साली तो प्रसिद्ध केला. पुढे एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली अशा अनेक शोधांचा समन्वय करून समाजाचे पाच वर्ग पाडले. सर्वांत पुढे अडीच टक्के नवप्रवर्तक. त्यांच्या मागून साडेतेरा टक्के लवकर घेणारे. मग चौतीस-चौतीस टक्क्यांचे दोन मोठे जथे. आणि शेवटी सोळा टक्के रेंगाळणारे. संगणक कचेरीत शिरल्यावर हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली त्याचे उत्तर दोन शब्दांत बसविले : यंत्र उपयुक्त वाटले पाहिजे आणि ते वापरण्यास सोपे वाटले पाहिजे. त्यानंतर मूळचे भारतीय असलेले विद्वान विश्वनाथ वेंकटेश यांनी डेव्हिस व अन्य दोघे सहकारी यांच्यासह २००३ साली आठ निरनिराळ्या उपपत्ती एकत्र करून एकच सर्वसमावेशक उपपत्ती मांडली. कामात होणाऱ्या फायद्याची अपेक्षा, पडणाऱ्या श्रमाची अपेक्षा, भोवतालच्या लोकांचे वजन आणि अनुकूल परिस्थिती, असे तिचे चार खांब आहेत. वय, लिंग, अनुभव आणि वापरातील स्वेच्छा या चार गोष्टींनी त्या खांबांवरील भार कमी-अधिक होतो, असे हे मंडळ सांगते. यंत्र वापरण्याच्या इराद्यात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा सुमारे ७० टक्के भाग या उपपत्तीने उलगडतो, असा त्यांचा दावा आहे.

हे काम हलके नाही. ‘लोक अडाणी आहेत’ या एका वाक्याने पूर्वी जो प्रश्न मिटविला जाई, तो मोजमापाच्या कक्षेत आणण्याचे श्रेय या मंडळीस दिलेच पाहिजे. कचेरीतील कारकुनास पत्रलेखनाचे यंत्र आवडेल की नाही, एवढेच पाहावयाचे असेल तर ही उपपत्ती उपयोगाची आहे. डेव्हिस यांच्या एका प्रसिद्ध प्रयोगातील माणसे व्यवस्थापनशास्त्राचे १०७ विद्यार्थी होते आणि यंत्र होते शब्दलेखनाचे. आवडले तर वापरा, न आवडले तर सोडा. कोणाच्या चुलीवरचे भांडे त्यावर अवलंबून नव्हते. परंतु जेथे यंत्राबरोबर मजुरीचा, कपातीचा आणि कामावरून जाण्याचा प्रश्न येतो, तेथेही हीच फूटपट्टी लावावयाची, हा न्याय आम्हास पटत नाही. ‘यंत्र उपयुक्त वाटते काय?’ या प्रश्नात ‘कोणास उपयुक्त?’ हा प्रश्न गिळून टाकलेला आहे. आणि आमच्या मते खरा प्रश्न तोच होय.

आता लासलगावकडे वळू. मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील या गावाची बाजार समिती १९४७ साली स्थापन झाली, आणि कांद्याची आशियातील सर्वांत मोठी बाजारपेठ असा तिचा लौकिक आहे. या एका गावात तीन नव्या गोष्टींची कथा तीन प्रकारांनी घडली आहे. त्या तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, म्हणजे मनोवृत्तीच्या शास्त्राची मर्यादा आपोआप उघडी पडते.

पहिली गोष्ट किरणांची. कांद्यास मोड येऊ नयेत म्हणून कोबाल्ट-६० च्या किरणांचा मारा करणारे ‘कृषक’ नावाचे केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विद्येने २००२ साली लासलगावी उभे राहिले. ज्याच्यासाठी ते उभे राहिले त्या कांद्याने मात्र तेथे गर्दी केली नाही. गर्दी केली ती आंब्याने. २००७ साली अमेरिकेने या केंद्रास मान्यता दिली आणि अनेक वर्षे अडलेला भारतीय आंबा येथून किरण घेऊन त्या देशात जाऊ लागला. कांद्याची स्थिती अशी, की केंद्र उभारल्यास वीस वर्षे लोटल्यावरही, २०२३ साली, केंद्र सरकारला लासलगावी दीडशे टन कांद्यावर पुन्हा ‘प्रयोग’च करून पाहावा लागला. आमचा प्रबंधकार येथे प्रश्नावली घेऊन गेला, तर तो लिहील की आंबेवाला पुरोगामी आणि कांदेवाला प्रतिगामी. वस्तुस्थिती काय आहे? अमेरिकेच्या दारात किरण घेतल्यावाचून आंबा शिरूच शकत नाही. सबब खर्च करणाऱ्यास तो खर्च विक्रीच्या किमतीत परत मिळतो. कांद्याचे तसे नाही. किरणांनी मोड थांबतात, परंतु सड सर्वस्वी थांबत नाही, आणि वजनातील घटही उरतेच; कांदा काढणीनंतर थोड्या आठवड्यांतच केंद्रावर न्यावा लागतो; पुढे तो चांगला राहावा तर शीतगृहाचाही खर्च आला. एवढे करून उन्हाळ कांदा पावसाळ्याअखेर विकावयास काढावा, तर त्या दिवशी भाव काय असेल हे बाजाराच्याही हातात नाही. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातच बंद झाली. साठवलेला कांदा ज्या महिन्यांत पैसे करून द्यावयाचा, नेमके तेच हे महिने. ज्याचा भाव दिल्लीच्या एका आदेशाने एका रात्रीत उतरतो, त्या मालाचे आयुष्य वाढविण्यासाठी शेतकऱ्याने पदरचा पैसा घालावा, असा उपदेश करणाराने आधी तो पैसा स्वतः घालून पाहावा.

याच शेतकऱ्याने दुसरी एक नवी गोष्ट मुकाट्याने पत्करली. ती म्हणजे सुधारलेली कांदाचाळ : जमिनीपासून उचललेला तळ, दोन्ही बाजूंनी वारा खेळावा अशा जाळ्या, वर ऊन-पावसापासून आडोसा. सरकारी अनुदानाचा हात तिला लागला हे खरे. परंतु मुख्य गोष्ट अशी, की चाळ स्वतःच्या शेतात असते, तिची किल्ली स्वतःच्या कमरेला असते, आणि कांदा आज काढावा की महिनाभराने, हे ठरविण्याची मुखत्यारी ती शेतकऱ्याकडेच ठेवते. एकच माणूस, एकच पीक, एकच हेतू. एक साधन घेतले आणि दुसरे घेतले नाही. मग दोष त्याच्या मनोवृत्तीचा कसा? फरक साधनांच्या अटींत आहे, आणि त्या अटी प्रश्नावलीच्या पाच घरांत कोठेच लिहिलेल्या नसतात.

तिसरी गोष्ट सर्वांत बोधप्रद आहे. ती म्हणजे वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा. लासलगावच्या आवारात मोकळ्या कांद्याने भरलेले ट्रॅक्टर रांगेने उभे राहतात. व्यापारी आणि समितीचे लोक एका वाहनापासून दुसऱ्यापर्यंत जात भाव पुकारतात. सौदा ठरला की वाहन काट्यावर जाते, भरल्या वाहनाचे वजन होते, खळ्यावर कांदा उतरला की रिकाम्याचे होते, आणि वजाबाकी करून हिशोबपट्टी बनते. जुन्या काळी मापाऱ्याच्या हातातील तराजू आणि त्याचे बोट यांविषयी जे संशय असत, ते या काट्याने पुष्कळ दूर केले. शेतकऱ्यास तो उपयुक्त वाटतो, व्यापाऱ्यास सोपा वाटतो. डेव्हिस यांच्या दोन्ही अटी पूर्ण झाल्या. शास्त्राप्रमाणे कथा येथे सुफळ संपूर्ण व्हावयास हवी होती.

परंतु झाले काय? शेतकरी विचारू लागला, की वजन जर यंत्राने केले, तर माझ्या पट्टीतून तोलाई कशाबद्दल कापता? मापारी विचारू लागला, की यंत्र आले म्हणून माझे पोट कोठे जाते? महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवींच्या रोजगाराचे आणि कल्याणाचे नियमन झालेले आहे. त्या व्यवस्थेत ही रक्कम म्हणजे कोणाची मेहेरबानी नसून अनेक कुटुंबांच्या मिळकतीचा आधार आहे. आणि व्यापारी म्हणू लागला, की शेतकऱ्याकडून कापावयाचे नाही तर ते माझ्या पदरचे का? २०२४ च्या एप्रिलात, उन्हाळ कांदा बाजारात येण्याच्या ऐन दिवसांत, हमाली, तोलाई व वाराई यांच्या कपातीचा हा वाद इतका चिघळला, की लासलगावसह नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांतील लिलाव अनेक दिवस बंद पडले. ज्या यंत्राविषयी कोणाचाही आक्षेप नव्हता, त्याच्याभोवतीच्या हिशोबाने अख्ख्या जिल्ह्याचा बाजार थांबला!

वाचकहो, ही गोष्ट नीट लक्षात घ्यावी. यंत्र सर्वांनी पत्करले होते. भांडण यंत्राशी नव्हते. यंत्रामुळे वाचलेल्या श्रमाचा पैसा कोणाच्या पदरात जावयाचा आणि गेलेल्या कामाची भरपाई कोणी करावयाची, याविषयी होते. स्वीकाराचे शास्त्र जेथे ‘यशस्वी’ असा शिक्का मारून वही मिटते, तेथूनच खरा प्रश्न सुरू होतो. वेंकटेश यांच्या उपपत्तीत या साऱ्यास जागा नाही असे नाही. ‘अनुकूल परिस्थिती’ असे एक गाठोडे तीत आहे. परंतु तराजू, तोलाई, माथाडी कायदा, खळ्यावर उठणारा ‘वांधा’, निर्यातबंदी, कर्ज आणि पाऊस ही सर्व एकाच गाठोड्यात बांधून त्यास चौथा खांब म्हणावयाचे, म्हणजे घर कोठ्यात ठेवून कोठ्यास घर म्हणण्यासारखे आहे. तीच गोष्ट ‘लिंग’ या शब्दाची. व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडणाऱ्या स्त्रिया असतात. प्रतवारीचे यंत्र आले तर ते वापरणे त्यांस सोपे वाटेल की कठीण, हे शास्त्र मोजील. परंतु यंत्र आणावे की नाही हे ज्या बैठकीत ठरते, तेथे त्यांस बोलावणे नाही, हे कोणत्या स्तंभात लिहावयाचे?

ही विचारसरणी आम्ही आजच काढली आहे असे नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात तिचे दाखले जागोजाग आहेत. १९२८ सालच्या मुंबईच्या गिरणी-संपाचे उदाहरण घ्या. दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, एका बाजूऐवजी दोन बाजू चालवा, अशा ‘कार्यक्षमते’च्या योजना मालकांनी आणल्या, एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगार कामावर गेले नाहीत, आणि पुढे फॉसेट समिती बसली. त्या काळीही सुशिक्षितांच्या बैठकींत ‘कामगार यंत्रास भितो’ असेच म्हटले जाई. वस्तुतः हे कामगार यंत्रावरच वाढलेले होते. त्यांचे म्हणणे असे, की सूत बरे द्या, वाढत्या कामाचा वाढता मोबदला द्या आणि ज्यांचे काम जाईल त्यांचे काय ते सांगा. यात यंत्रभीती कोठे आहे? आणि त्याच संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो आजच्या कोणत्याही प्रश्नावलीत सापडणार नाही. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते, त्याने विटाळ होतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांस अधिक मजुरीच्या विणकामखात्यात शिरूच दिले जात नसे. त्यांनी माग ‘नाकारला’ नव्हता. माग त्यांस नाकारला गेला होता. यंत्र पत्करणाऱ्यांची मोजदाद करणाऱ्या शास्त्रास यंत्रापर्यंत पोचूच न दिलेला माणूस दिसत नाही. दिसलाच तर तो मागे राहिलेल्यांच्या यादीत दिसतो.

किर्लोस्करांच्या नांगराची गोष्ट तर शाळेतल्या मुलांसही ठाऊक आहे. लक्ष्मणरावांनी १९०३ साली लोखंडी नांगर बनविला, आणि लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीने शेतकरी तो घेईनात, असे सांगतात. या कथेचे तात्पर्य नेहमी शेतकऱ्याच्या भोळेपणावर येऊन थांबते. परंतु लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई, त्यास रोकड लागत नसे; लोखंडी नांगरास रोख पैसा मोजावा लागे, आणि खोल नांगरटीस एका जोडीचे बैल पुरत नसत. ज्याच्या दावणीला एकच जोडी होती, त्याने परक्या माणसापुढे आपली गरिबी सांगण्याऐवजी जमिनीच्या विषाची सबब पुढे केली असेल, तर त्यास मूर्ख म्हणावे की शहाणा? लक्ष्मणरावांची थोरवी याने उणी होत नाही. उलट, गिऱ्हाईकास न हिणवता चिकाटीने पिच्छा पुरविणारा कारखानदार आणि त्यास ‘रेंगाळणारा’ हे नाव ठेवून मोकळा होणारा संशोधक, यांतील अंतर त्यावरून कळते.

आमच्यावर आक्षेप येईल तो ठाऊक आहे. कोणी म्हणेल, ‘प्रत्येकाचा हिशोब चुकता होईपर्यंत थांबावयाचे, तर जगात एकही यंत्र यावयाचे नाही, तुम्ही सुधारणेचे शत्रू आहात.’ हा आक्षेप खोटा आहे, आणि त्याचे उत्तर बाजारपेठेच्याच इतिहासात आहे. पूर्वी शेतमालाचे सौदे कित्येक पेठांत उपरण्याखाली बोटे धरून होत. माल ज्याचा, त्यासच भाव कळत नसे. मुंबई इलाख्यात १९३९ साली बाजार-नियमनाचा कायदा झाला, आणि त्या मार्गाने उघडा लिलाव आला. हीदेखील कामाच्या जागेची नवी तऱ्हाच होती. तिच्यामागे कायदा होता, समिती होती, तक्रारीस जागा होती. म्हणून ती रुजली. बँकांतील संगणकाचेही तसेच. कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँका यांच्यात १९८३ साली करार झाला, १९९३ साली पुन्हा झाला. यंत्रे किती, कोठे व कोणत्या कामास, हे वाटाघाटीने ठरत गेले. आज त्या बँकांत संगणकावाचून पान हलत नाही. करार हा यंत्राचा शत्रू नव्हे. तो यंत्राचा पाया होय. जेथे तो आधी होत नाही, तेथे तो मागाहून, बंद पडलेल्या बाजारात, तिप्पट किमतीने करावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. ‘शास्त्राने फक्त वर्णन करावे, न्याय-अन्याय पाहणे हे त्याचे काम नव्हे,’ असे काही मित्र म्हणतात. मान्य, परंतु मग वर्णन तरी पूर्ण करा. ज्यास तुम्ही रेंगाळणारा म्हणता, त्या शब्दात न्यायनिवाडा नाही काय? नव्याच्या बाजूचा हा पक्षपात आपल्या शास्त्रात आहे, हे खुद्द रॉजर्स यांनी पुढील आवृत्त्यांत मान्य केले. आणि डेव्हिस यांचे एके काळचे सहलेखक बगोझी यांनी २००७ साली या उपपत्तीच्या अतिसुलभतेवर उघड टीका केली. गुरूंनी शंका घेतली तरी आमचे शिष्य मात्र जुनीच प्रश्नावली मराठीत उतरवून वाटत आहेत! पदवी मिळते, प्रबंध कपाटात जातो, एवढ्यावर हे थांबते तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु ‘जागृतीचा अभाव’ हा निष्कर्ष पुढे अहवालात जातो, अहवालावरून योजना होते, आणि योजनेत पैसा शिबिरांच्या मंडपास मिळतो. मापाऱ्याच्या गेलेल्या तोलाईस मिळत नाही. २०१६ सालच्या १४ एप्रिलला राष्ट्रीय कृषी बाजाराची ‘ई-नाम’ योजना सुरू झाली, तेव्हापासून पडद्यावरच्या लिलावाविषयी हीच भाषा ऐकू येत आहे. दूरच्या व्यापाऱ्याने पडद्यावर भाव लावला, आणि कांदा खळ्यावर उतरताना ‘माल खालून खराब निघाला’ म्हणून वांधा निघाला, तर निवाडा कोण करणार व त्या दिवसाचे भाडे कोण देणार, हे शेतकऱ्याने विचारले, की त्यास ‘तंत्रज्ञानाविषयी प्रतिकूल’ या घरात टाकण्यात येते. त्याने विचारलेला प्रश्न हा या योजनेचा सर्वांत उत्तम परीक्षण-अहवाल आहे. आणि आपण तो टाकून देतो.

मग संशोधन करावे तरी कसे? त्यासाठी सातासमुद्रापलीकडे जावयास नको. पुण्यात १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने, धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली, १९३३ सालीच पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी प्रसिद्ध केली होती. फळ बागाईतदाराच्या हातून निघून गिऱ्हाइकापर्यंत कोणकोणत्या हातांतून जाते, हा त्या मंडळींचा विषय होता. बागाईतदाराचे मन मोजणे हा नव्हता. त्याच रस्त्याने आमच्या विद्यार्थ्यांनी लासलगावी जावे. प्रश्नावली घरी ठेवावी आणि हिशोबपट्ट्या गोळा कराव्यात. काटा येण्यापूर्वीची पट्टी आणि नंतरची पट्टी शेजारी ठेवून कोणती रक्कम कोणाकडून निघून कोणाकडे गेली, ते मांडावे. मापारी किती होते, किती उरले, गेलेले कोठे गेले, हे नावनिशीवार नोंदवावे. यंत्र आल्यावर लोकांचे मत विचारण्याऐवजी ते येण्यापूर्वी विचारावे. आणि ज्याने नकार दिला त्याच्या नकारास रोगाचे लक्षण न समजता साक्षीदाराची जबानी समजावी. ती उलटतपासणी करून खोटी ठरली तर तसे लिहावे, खरी ठरली तर यंत्राच्या खात्यावर मांडावी.

असे संशोधन अवघड आहे, हे आम्ही जाणतो. पाच घरांतील खुणा एका दुपारी जमतात. हिशोबपट्ट्या जमवावयास एक हंगाम लागतो, आणि व्यापारी, मेहताजी व हमाल या तिघांचाही विश्वास मिळवावा लागतो. परंतु विद्येचा मान श्रमावर ठरतो. माणसाच्या मनाचे वजन करण्यास निघालेल्यांनी आधी आपला काटा तपासून घ्यावा. लासलगावच्या आवारात साधा नियम आहे : भरल्या वाहनाचे वजन झाले तरी पट्टी बनत नाही, रिकामे वाहन पुन्हा काट्यावर यावे लागते. आमचे स्वीकारशास्त्र भरल्या वाहनाचे वजन करून पट्टी फाडते. कोणाचे घर रिकामे झाले, हे पाहण्यासाठी ते काट्याजवळ थांबत नाही. आणि जोवर ते थांबत नाही, तोवर त्याच्या पट्टीवर सही करण्यास आम्ही तयार नाही.